मऊ चेंडू आणि कडक पाहुणे

देऊळघाटहून एस.टी.नं बुलढाण्याला जाऊन मी कॉलेजच्या मुलींचे सॉफ्टबॉलचे सामने बघतो, तेही लागोपाठ दोन, हे कळल्यापासून आमच्या पारावर माझ्या डोक्याविषयी कुजबुज आहे. "मऊ चेंडूनं खेळतात म्हणे! तो काय खेळ झाला?" इति गुरुजी.

मऊ? १८८७ साली शिकागोत हा खेळ निघाला तेव्हा बॉक्सिंगचा हातमोजा बांधून त्याचाच चेंडू केला होता. तो असेल मऊ. आताचा बारा इंच घेराचा चेंडू एकदा नडगीवर घ्या, गुरुजी, मग बोलू. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची. इथं फेकणारी पोरगी ४३ फुटांवर उभी!

पाच दिवस खेळून अनिर्णित राहणारी कसोटी तुम्ही पोथीसारखी ऐकता. इथं सात-सात डावांचे दोन सामने एका दिवसात उरकतात, तर बघणारा रिकामटेकडा!

परवा पहिला सामना संपला नि प्रमुख पाहुणे उगवले. हार, नारळ, भाषण. "मुलींनी मैदानावर यायला हवं," म्हणाले. मुली मैदानावरच होत्या हो, उन्हात, ह्यांचं आटपायची वाट बघत! पाऊण तास गेला. दुसरा सामना अंधारामुळे पाचव्या डावातच गुंडाळला. तोवर पाहुणे गेलेले, त्यांच्यामागं तंबूतली गर्दीही. उरलो मी, एका मुलीचे वडील आणि शेंगदाणेवाला.

"काका, तुमची पोरगी कोणती?" त्यानं विचारलं.

"एकही नाही."

त्यानं पुडीत मूठभर दाणे जास्त घातले.