घरातल्या खेळातला लिंबूटिंबू

गौरीगणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी एवढे दिवस वगळले, तर दक्षिण रायगडातील कितीतरी घरांत वर्षभर वृद्ध माणसांखेरीज कोणी नसते. तळगडाच्या पायथ्याशी वसलेले तळा आणि त्याच्या आसपासच्या वाड्या याला अपवाद नाहीत. मुंबई-ठाण्याकडील चाकरमानी मंडळी इंदापूरला महामार्ग सोडून गावच्या वाटेला लागली, की चार दिवस ही घरे माणसांनी भरून जातात. पण हल्ली भरलेल्या घरातही एक चमत्कारिक शांतता आढळते. पडवीत आठ माणसे बसलेली असतात आणि त्यांतील सहांच्या माना आपापल्या मोबाइलवर झुकलेल्या असतात. उरलेली दोन माणसे म्हणजे आजी आणि आजोबा. ज्यांच्यासाठी सारे आले, तीच दोघे एकटी!

यावर उपाय म्हणून सर्वांनी मिळून खेळण्याजोगा एखादा इलेक्ट्रॉनिक खेळ आणावा, असा विचार मग एखाद्या घरात निघतो. विचार चांगला आहे. परंतु निवड बहुधा चुकते. मुले सांगतात तो खेळ येतो, आणि मुलांना आवडतो तो वेगवान खेळ. दोन दिवसांत असे दिसून येते, की खेळ चौघांचा असला तरी खेळतात दोघेच, आणि बाकीचे पुन्हा प्रेक्षक. दोष वेगाचा आहे, असा निष्कर्ष काढून खेळ माळ्यावर टाकला जातो. वस्तुतः दोष वेगाचा नसतो. तो वेग कोणाच्या हाती आहे, याचा विचार न केल्याचा असतो.

पत्ते आणि कॅरम असताना या यंत्रांची गरजच काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. गणपतीच्या जागरणात रंगणारा बदाम सातचा डाव आजही तीन पिढ्यांना एका सतरंजीवर बसवतो. परंतु बारा-चौदा वर्षांच्या मुलाचे खेळविश्व आता पडद्यावर वसले आहे, ही वस्तुस्थिती कोणाच्या नापसंतीने बदलणारी नाही. त्या विश्वाला घराबाहेर घालवू पाहणे म्हणजे त्या मुलालाच पडवीतून उठवून आतल्या खोलीत पाठविणे होय. त्यापेक्षा ते विश्व चारचौघांत आणावे, हे अधिक शहाणपणाचे.

एक जुनी रीत

ते आणावे कसे, याचे उत्तर मराठी मुलांच्या अंगणात पूर्वीपासून आहे. लपाछपी असो वा लंगडी, खेळात लहान भावंड असले की ते ‘लिंबूटिंबू’ ठरते. त्याच्यावर राज्य येत नाही, आले तरी लवकर सुटते, आणि बाद झाल्यावरही त्याला पुन्हा घेतले जाते. ही नुसती दया नव्हे. सर्वांत दुबळ्या गड्याला बाहेर न काढता खेळ चालू ठेवण्याची ती एक व्यवस्था आहे. पडद्यावरच्या खेळात फरक एवढाच झाला, की लिंबूटिंबू बदलला. आता ती जागा नातवंडाची राहिली नसून आजीची झाली आहे.

दिवा लागलेला दिसताच बटण दाबायला तरुण माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. वय वाढते तसा हा अवधी वाढत जातो, आणि दोन-तीन पर्यायांतून एक निवडायचा असेल तर वृद्धांना लागणारा जादा वेळ अधिकच ठळक होतो. तेव्हा केवळ बोटांच्या चपळाईवर बेतलेला खेळ आणला, की त्याचा निकाल तो उघडण्यापूर्वीच लागलेला असतो. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी रचलेला ‘टेट्रिस’ हा फार बुद्धिमान खेळ. पण वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा वेग टप्प्याटप्प्याने वाढत जातो आणि एका क्षणी यंत्र खेळणाऱ्याला हरवते. एकट्याने वेळ घालविण्यास तो उत्तम, कुटुंबाच्या बैठकीस तितकासा नव्हे.

सारेच वेगवान खेळ असे नाहीत. १९७२ मध्ये अटारी कंपनीने आणलेल्या ‘पाँग’मध्ये यंत्र प्रतिस्पर्धी नव्हतेच, शेजारी दुसरा माणूस उभा राहिल्याखेरीज तो खेळ सुरू होत नसे. १९७८ मध्ये राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांनी तयार केलेला ‘सायमन’ तर या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. एक गोल तबकडी, तिच्यावर चार रंगांचे चार दिवे आणि प्रत्येक दिव्याचा वेगळा सूर. यंत्र ज्या क्रमाने दिवे लावील त्याच क्रमाने ते दाबायचे. क्रम वाढत जातो, तसा वेगही. येथे बोटांपेक्षा स्मरणाची परीक्षा अधिक असते, आणि आरत्या, ओव्या मुखोद्गत असलेली आजी सुरांच्या क्रमावर भिस्त ठेवून शाळकरी नातवाला दमवू शकते. शिवाय तबकडी मधोमध ठेवावी लागत असल्याने माणसे आपोआप गोल करून बसतात, हा लाभ वेगळाच.

बाद झालेल्याचे काय?

खेळ निवडताना विचारण्याचा दुसरा प्रश्न असा, की बाद झालेला माणूस किती वेळ बाहेर बसतो? शाळेच्या स्नेहसंमेलनातील संगीत खुर्ची आठवावी. जो सर्वांत सावकाश तो सर्वांत आधी बाहेर, आणि शेवटपर्यंत बाहेरच! शंभर खेळाडूंतून अखेरचा उरेल तो विजयी, या तत्त्वावरचा ‘पबजी’ हा त्याचाच अवाढव्य अवतार होता. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, ती वेगळ्या कारणांनी. पण त्याच धर्तीचे अनेक खेळ आज मुलांच्या हातांत आहेत. मित्रांच्या टोळीला ते रुचतील, कुटुंबाला मानवणारे नाहीत.

याच्या उलट उदाहरणही आहे. १९९२ पासून निघत असलेल्या ‘मारिओ कार्ट’ या शर्यतीच्या खेळात मागे पडलेल्याला वाटेत अधिक प्रभावी साधने मिळतात, त्यामुळे अखेरच्या वळणापर्यंत त्याची आशा टिकते. २०१७ च्या आवृत्तीत तर नवख्याची गाडी रस्ता सोडू नये म्हणून यंत्राचे साहाय्य घेता येते, आणि शेजारचा मुरब्बी खेळाडू त्याच शर्यतीत त्याविना धावू शकतो. हाच तो लिंबूटिंबूचा नियम, यंत्रात बसविलेला. किंबहुना तो अंगणातल्या नियमाच्या एक पाऊल पुढे आहे. तेथे लिंबूटिंबूला सवलत असे, पण त्याचा डाव कोणी मोजत नसे. येथे त्याचा विजय खरा धरला जातो. वृद्धांनाही सवलतीपेक्षा तेच हवे असते. मुद्दाम हरणारा नातू त्यांना तत्काळ ओळखू येतो.

असली यंत्रे महाग असतात आणि प्रत्येक कारकुनाच्या वा शिक्षकाच्या अंदाजपत्रकात बसत नाहीत, हे खरे. पण खर्चाशिवाय वाट नाही असे मुळीच नव्हे. रायगडला लागून असलेल्या नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ मध्ये काढलेला ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत देशभर घरोघर पोचला. सारीपाटाचा हा दूरचा नातलग फार वेगवान नाही. पण त्यात लवकर संपणारा डाव आहे आणि एकच मोबाइल हातोहात फिरवून, इंटरनेटविना, अनेकांना खेळता येते. फासा सर्वांना सारखाच, म्हणून सहा वर्षांचे मूल आणि सत्तरीचे आजोबा बरोबरीने बसतात. आठ मोबाइलांऐवजी एक मोबाइल, एवढा बदलही पडवीचे रूप पालटण्यास पुरेसा आहे.

पैसा, वीज आणि वेळ

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळली पाहिजेत. पहिले, खेळात पैसा नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने ई-क्रीडा, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ असा स्पष्ट भेद केला असून, पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ चालविण्यास व त्यांची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. परंतु कायद्याची सीमा संपते तेथे गृहस्थाचे दक्षत्व सुरू व्हावे. दर पाच मिनिटांनी काहीतरी विकत घेण्यास सुचविणारा खेळ जुगार नसला, तरी पाहुण्यांच्या घोळक्यात मुलाच्या हाती देण्याजोगाही नव्हे.

दुसरे, खेळ विजेवाचून अडू नये. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडातील विजेचे खांब आडवे केले, तेव्हा कित्येक गावांना अनेक दिवस अंधारात काढावे लागले. एवढी आपत्ती नित्याची नाही. पण पावसाळ्यात वीज जाणे नित्याचेच आहे, आणि गणपती बहुधा पावसातच येतात. सेलवर चालणारे साधे खेळणे अशा वेळी मोठ्या यंत्राहून उपयोगी ठरते.

तिसरे, डाव पाच-दहा मिनिटांत संपणारा असावा. आरतीची वेळ झाली, पाने वाढली, की कोणाचे नुकसान न होता उठता आले पाहिजे. न थांबणारा खेळ माणसाला थांबू देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या व्यसनाचा विकार म्हणून समावेश आहे. त्याचे पहिले लक्षण खेळण्यावरचा ताबा सुटणे हेच आहे. खेळणारे प्रत्येक मूल रोगी नव्हे, हे शिक्षकांनी पालकांना आवर्जून सांगावे. पण डाव संपताच उठण्याची सवय चारचौघांतच लवकर लागते, हेही सांगावे.

आणि खेळ विकत घेण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. घरातील सर्वांत सावकाश हाताच्या माणसाला त्याचे नियम दोन मिनिटांत, मराठीत, समजावून देता येतात काय? तो माणूस पहिल्या पाच डावांत एकदा तरी खरोखर जिंकू शकतो काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर वेग कितीही असो, खेळ घरात येऊ द्यावा. नियम समजावण्याचे काम मात्र वडिलांनी करू नये, ते नातवावर सोपवावे. आजीला आपण काही शिकवू शकतो, हा अनुभव त्याला कोणत्याही पडद्यावर मिळणारा नाही. चार दिवसांनी चाकरमानी पुन्हा गाडीत बसतील तेव्हा खेळणे गावीच राहू द्यावे. पुढच्या शिमग्यापर्यंत आजी सरावात राहतील, आणि मग लिंबूटिंबू कोण हे नव्याने ठरवावे लागेल.