वाटणीत दुकान येते, देणेही यावे

आमच्या कापड धंद्यात बहुतेक पेढ्या घरच्याच आहेत. पाटीवर वडिलांचे नाव, गल्ल्यावर मुलगा, गोदामात पुतण्या. कामगार आजारी पडला, त्याच्या मुलीचे लग्न निघाले, की वडील गल्ल्यातून रक्कम काढून देतात. त्याची नोंद कुठेच नसते. वडील गेल्यावर भावाभावांत वाटणी होते. यंत्रमाग, ताके, उधारी, सारे मोजले जाते. तो देता हात मात्र कुणाच्याच वाट्याला येत नाही. पाटी तीच राहते, पेढी ती राहत नाही.

मोठ्या कंपन्यांसाठी २०१३ च्या कंपनी कायद्याने हे काम कागदावर आणले. वर्षाला ५ कोटी रुपये किंवा अधिक निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. भागीदारीच्या पेढीला हा कायदा लागू नाही. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. केवळ आपल्याच नोकरांवर केलेला खर्च त्यात धरला जात नाही. जकातीचेही तसेच आहे. मजुरीच्या बदल्यात जकात देता येत नाही. कांड्या भरणाऱ्या बाईची मजुरी हा तिचा हक्क आहे, आपली खैरात नव्हे.

दिल्लीत १९०६ साली हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी हमदर्द दवाखाना काढला. त्यांचे पुत्र हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ मध्ये तो वक्फ केला. देण्याची नियत कागदावर आली. तिच्यातूनच पुढे शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या आणि १९८९ मध्ये जामिया हमदर्दला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

सर्वांनी पेढी वक्फ करावी, असे आम्ही म्हणत नाही. भागीदारीच्या करारात एक कलम घाला: नफ्यातला किती हिस्सा, कोणत्या कामासाठी, कुणाच्या सहीने. कामगारांचा बोनस आणि आजारपणाची मदत यांचे खाते वेगळे ठेवा.

कुणी म्हणेल, दान गुपचूप करावे. जरूर करावे. घेणाऱ्याचे नाव झाकून ठेवा, रकमेचा हिशेब मात्र लिहा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असा कुरआनचा हुकूम आहे. गिऱ्हाइकाकडचे येणे आपण पै-पैने लिहितो. मग समाजाचे देणेच तोंडी का?

बंधूंनो, पुढच्या पिढीला वडिलांच्या नावाची पाटी हवी असते. त्या नावामागचे देणेही तिच्या हाती लेखी द्या. बरकत त्यातच आहे.