‘शांत’ उत्तन आणि आमचे ललित लेखन

‘शांत’ हे विशेषण मराठी ललित लेखातून काही वर्षांकरिता हद्दपार करावे, या मताला आम्ही आलो आहोत. निदान समुद्रकाठच्या गावांपुरते तरी. हे मत टोकाचे वाटेल. पण ज्या कारणाने आम्ही इथवर आलो ते सांगितल्यावर वाचकांनी ते मान्य करावे किंवा खोडून काढावे. मध्येच मान डोलावून पुढे जाऊ नये, एवढीच विनंती.

कारण घरचेच आहे. मराठीच्या पदवी वर्गाला ‘ललित गद्य’ शिकवताना विद्यार्थ्यांना घेऊन एका दिवसाकरिता कुठेतरी जावे आणि परतल्यावर त्यांच्याकडून लेख लिहून घ्यावा, असा उपक्रम आम्ही दोघे-तिघे शिक्षक काही वर्षे करीत आलो. जागा ठरलेली : उत्तन. भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेला बस धरायची, मुर्धे, राई, मोर्वा ही गावे आणि खाडीकाठची तिवरे ओलांडायची, की तासाभरात समुद्र. खर्च नगण्य, परवानगी सहज मिळते, आणि संध्याकाळी मुले घरी. परतीनंतर आलेले लेख आम्ही तपासत असू, त्यांतले चांगले वर्गात वाचून दाखवत असू. गेल्या वर्षी जुन्या वह्या एकत्र काढल्या तेव्हा आमच्या लक्षात आले की आपण वर्षानुवर्षे एकच लेख तपासतो आहोत. महानगराचा कोलाहल मागे पडतो, नारळाच्या झावळ्या हलतात, एखादे चर्च उन्हात उभे असते, होड्या वाळूवर विसावलेल्या असतात, आणि लेखक ‘स्वतःला भेटतो’. गाव शांत असते. समुद्रही शांत असतो. फार तर एखाद्या वहीत ‘निवांत’ किंवा ‘नीरव’.

दोष मुलांना देऊन चालणार नाही. ही वाट त्यांना आम्हीच दाखवली होती. ज्या लेखांचे नमुने आम्ही वर्गात वाचले, त्यांतही हेच होते. रविवारच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत, प्रवासवर्णनांच्या पुस्तकांत शहराजवळचे किनाऱ्याचे गाव असेच येते. मराठी वाचकाला कोळी माणूस दोनच रूपांत ठाऊक आहे : कोळीगीतात तो अखंड नाचतो, आणि ललित लेखात तो नसतोच.

उत्तन शांत आहे का, हा प्रश्न आता सरळ विचारू. उत्तर साधे आहे. आम्ही अकराला पोहोचतो आणि पाचला निघतो, आणि बहुधा रविवारी जातो. डोलीच्या मासेमारीला रविवार कळत नाही. तिला चंद्र कळतो. डोल म्हणजे समुद्राच्या तळाशी खुंटांना बांधून ठेवलेले शंकूच्या आकाराचे मोठे जाळे. त्याचे तोंड प्रवाहाकडे असते. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत शिरते, आणि पाणी थबकते तेव्हा ते ओढून घ्यायचे असते. पाणी थबकण्याची वेळ रोज सरकते. मध्यरात्र असेल, पहाटेचे तीन असतील. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असते, ओढ जोरात असते, काम तुंबळ असते. अष्टमीच्या आसपास भांग लागतो, ओढ मंदावते, होड्या काठाला येतात. तेव्हा ‘वाळूवर विसावलेली होडी’ हे दृश्य तिथीवर अवलंबून आहे. ज्याने ते टिपले त्याने गावाचा स्वभाव टिपला नाही, त्याने फक्त अष्टमी टिपली. आणि दुपारी बारा वाजता गावातले पुरुष झोपलेले दिसतात याचा अर्थ एवढाच की ते रात्री जागे होते. रात्रपाळी करून घरी झोपलेल्या गिरणी कामगाराच्या चाळीला ‘शांत’ म्हणणारा लेख आम्ही कधी वाचलेला नाही.

बायका तर झोपलेल्याही नसतात. बोंबील सुकवायचा म्हणजे दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या उंच वलांडीवर टांगायचे. हे काम हातांनी, एकेका जोडीचे, हजारो वेळा करायचे असते. मांदेली, जवळा जमिनीवर पसरायचा, परतायचा, कुत्र्या-कावळ्यांपासून राखायचा, ढग आला की गोळा करायचा. हे सगळे आमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर चाललेले होते. ते एकाही लेखात नव्हते असे नाही. काही लेखांत ‘वाळत घातलेल्या मासळीची तोरणे’ होती. तोरण बांधणारे हात नव्हते. आणखी एक गोष्ट आम्हांला फार उशिरा खटकली : कोणाच्याही लेखात वास नव्हता. समुद्राचा ‘खारा गंध’ होता, पण सुकटीचा वास, जो कपड्यांना लागून भाईंदरपर्यंत सोबत येतो, तो नव्हता. गाडीत मुलांनी नाकाला रुमाल लावलेले आम्ही पाहिले होते. लेखात मात्र ती मोकळा श्वास घेत होती.

एकदा वलांडीशी काम करणाऱ्या एका मावशींना आमच्यातल्या एकीने विचारले, इथे किती शांत असते ना? मावशी हसल्या. रात्री दोनला जेटीवर या, मग सांगा, अशा अर्थाचे काही म्हणाल्या. त्यांचे शब्द आम्ही त्यांच्या बोलीत इथे उतरवू शकत नाही, कारण ते आम्हांला अर्धेच कळले. मराठीचे प्राध्यापक, आणि भाईंदरपासून काही मैलांवरची मराठी अर्धीच कळते! या लाजेबद्दल आम्ही पुरेसे बोललो नाही, म्हणून थोडे इथे बोलतो.

उत्तन, पाली, चौक, डोंगरी, गोराई, मनोरी ही धारावी बेटावरची गावे. हे बेट खाडीने वेढलेले आहे. ‘धारावी’ म्हटल्यावर आपल्याला झोपडपट्टी आठवते. हे दुसरे धारावी आपल्या नकाशावर नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. वसईच्या किल्ल्याआधी धारावीचे ठाणे जिंकावे लागले होते. चौकच्या टेकडीवरून खाडीपलीकडे वसई दिसते, म्हणजे ते का जिंकावे लागले हे पायांनीच कळते. मधल्या दोनशे वर्षांत इथले बहुसंख्य लोक ख्रिस्ती झाले, मराठी बोलत राहिले, आणि आजही घरात बोलतात. या परिसरातल्या अशा ख्रिस्ती समाजांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. ते घेण्यामागे नोकऱ्यांचे आणि वेगळी ओळख दाखवण्याचे व्यावहारिक कारण होते. परंतु मराठी समाजाने त्या इंग्रजी नावाचा फायदा घेऊन त्यांना आपल्या हिशेबातून वगळले. आमच्या विद्यार्थ्यांच्या लेखांत चर्च येते ते ‘युरोपातल्या एखाद्या खेड्याची आठवण करून देणारे’. आत मिस्सा मराठीत चाललेला असतो. दारात उभे राहून दोन मिनिटे ऐकले असते तर युरोप आठवला नसता.

हा नुसता अज्ञानाचा प्रकार नाही, त्यात वगळण्याची सवय आहे. शेजारच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या निवडीला धर्मावरून विरोध झाला होता. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावरची मराठी कुणाची, हा प्रश्न तेव्हा चव्हाट्यावर आला. आपण मात्र तो वादाच्या बातम्यांबरोबरच विसरलो.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. ‘शांत’ या शब्दाने कुणाचे काय बिघडते, असे आम्हांला विचारले जाते. बिघडते ते असे. ‘शांत’ आणि ‘रिकामे’ यांच्यात फार अंतर नाही, आणि ‘रिकामे’ आणि ‘उपलब्ध’ यांच्यात त्याहून कमी. १९८९ मध्ये गोराईला मोठे मनोरंजन उद्यान आले. २००६ च्या सुमारास गोराई परिसरात विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला, गावकरी रस्त्यावर उतरले. पुढे गोराई-मनोरी-उत्तनच्या पट्ट्याकरिता महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नियोजनाचे अधिकार मिळाले, आणि जो आराखडा पुढे आला त्याचा भर पर्यटनावर होता. त्यालाही विरोध झाला. मेट्रोची कारशेड आधी राई-मुर्धे भागात होणार होती. तिथल्या विरोधानंतर ती डोंगरीला नेण्याचे ठरले आणि मग डोंगरीच्या झाडांचा वाद उभा राहिला. मिरा-भाईंदर शहराचा कचरा उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर वर्षानुवर्षे टाकला जात आला आहे. उद्याने, क्षेत्रे, आराखडे, कचरा : प्रत्येक वेळी या जागेकडे पाहणाऱ्याला तिथे मोकळी जमीन दिसली. ती नजर नगररचनाकारांनी आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून घेतली असे आम्ही म्हणत नाही. पण दोघांना एकच चित्र दिसते, आणि आपण त्याला साहित्यमूल्य देतो, हे नाकारता येत नाही.

मासळी सुकवण्याच्या मैदानाचेच पाहा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, वलांड्या रित्या उभ्या असतात. त्या दोन महिन्यांत जो येईल त्याला तिथे पडीक जागा दिसेल. सातबाऱ्यावर ती बहुधा कोणा कोळणीच्या नावाने नसते. पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर एवढाच तिचा पुरावा. आणि वापराचा पुरावा म्हणजे अखेर कुणीतरी पाहून लिहून ठेवलेले वर्णन. मराठी लेखक शंभर वर्षे हा किनारा पाहत आला, त्याने काय लिहून ठेवले? झावळ्या. मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ १९६९ मध्ये आली. मुंबईच्या खाडीकाठी माणसे कशी जगतात ते मराठी कादंबरीला पाहता येते, हे तिने दाखवले. ललित लेख त्या वाटेला फारसा गेला नाही.

यावर एक आक्षेप आमच्याच सहकाऱ्यांनी घेतला, आणि तो हलका नाही. ते म्हणाले, तुम्हांला ललित लेखाचा सर्वेक्षण अहवाल करायचा आहे. विरारच्या लोकलमध्ये रोज लटकणाऱ्या मुलीला एक दिवस समुद्राकाठी बरे वाटले, तर तेही तिने लिहू नये काय? अवश्य लिहावे. तिचा थकवा खरा आहे, आणि त्या थकव्याला मिळालेला विसावाही खरा. आमची तक्रार व्याकरणाची आहे. मराठीत ‘मला शांत वाटले’ असे म्हणण्याची सोय आहे. त्या ‘मला’ मध्ये अनुभव कुणाचा हे स्पष्ट राहते. ‘गाव शांत आहे’ असे लिहिले की तो ‘मला’ गळतो आणि आपली गरज गावाचा गुणधर्म होऊन बसते. चतुर्थीतून प्रथमेत केलेली ही उडी वर्गात दाखवता येते, तपासता येते, लाल शाईने अधोरेखित करता येते. त्याला समाजशास्त्र लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की आम्ही बाहेरचे असून गावाच्या वतीने बोलतो आहोत. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. गावाकडे स्वतःच्या वतीने बोलणारी माणसे आहेत, आणि ती आमच्या आधीपासून बोलत आहेत. आम्ही फक्त आमच्या धंद्याबद्दल बोलतो : काय शिकवले, कशाला गुण दिले. जुन्या वह्यांतल्या ज्या लेखाला आम्ही सर्वांत जास्त गुण दिले होते, तो लिहिणारी मुलगी पालीची होती, हे आम्हांला आता हजेरीपट चाळताना कळले. तिनेही गाव शांत लिहिले होते. नारळ, चर्च, होडी, सगळे होते; घर नव्हते. आम्हांला काय आवडते ते तिने अचूक ओळखले होते. या एका वहीने आमचे जितके डोळे उघडले तितके वरच्या साऱ्या आराखड्यांनीही उघडले नाहीत.

या वर्षी आम्ही मुक्कामाची परवानगी मागितली आहे. मावशींनी सांगितले होते की भांगात येऊ नका, पौर्णिमेच्या मागेपुढे या आणि रात्री थांबा. अर्जात तारीख लिहिली. त्या तारखेला रविवार नाही. कारणाच्या रकान्यात आम्ही ‘उधाण’ असे लिहिले. अर्ज परत आला आहे. कारण स्पष्ट करावे आणि भेट शक्यतो सुट्टीच्या दिवशी ठेवावी, असा शेरा त्यावर आहे. दुसऱ्या अर्जाला भरती-ओहोटीचे कोष्टक जोडले आहे.