सेप्टिक टँकचा नैवेद्य

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज हमखास फिरतो. अर्धा किलो गूळ, यीस्टची दोन पाकिटं, एक लिटर आंबट ताक. रात्री कमोडमध्ये ओता, सकाळपर्यंत फ्लश करू नका. सेप्टिक टँक वीस वर्षं उपसावा लागणार नाही!! खाली सतरा अंगठे आणि चार नमस्कार. मग कोणीतरी म्हणतं, ताकापेक्षा बेकिंग सोडा आणि व्हिनेगर भारी. कोणी कॉस्टिक सोडा सुचवतं, कोणी हार्पिकची जंबो बाटली. शेवटी तळमजल्यावरचे काका, ज्यांच्या खिडकीखाली टाकीचं झाकण आहे, हातगाडीवाल्याकडून पाच लिटर ॲसिडचा कॅन आणतात आणि चर्चा संपवतात. "काही होत नाही हो, ओता अन् झाकण लावा."

होतं काका. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. सेप्टिक टँकमध्ये घरगुती वस्तू थोडी टाकली तर तिचा उपयोग शून्य, आणि भरपूर टाकली तर अपाय. मधला "बरोब्बर डोस" अस्तित्वातच नाही. या सगळ्या नैवेद्याचं खरं काम एकच आहे, टाकी उपसायचा खर्च पुढच्या कमिटीवर ढकलणं.

आता "आमच्याकडे तर ड्रेनेज लाइन आहे" म्हणून टॅब बंद करू नका. आपल्या संभाजीनगरात सातारा-देवळाई, बीड बायपास या पट्ट्यात घरं आधी आली आणि ड्रेनेज मागून. तीच गोष्ट पुण्या-मुंबईच्या कडेला उगवलेल्या स्कीम्सची. थ्री बीएचके, मॉड्युलर किचन, लिफ्टला आरसा, आणि पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली एक टाकी, जिचं झाकण कुठे आहे हे वॉचमन सोडून कोणालाच माहीत नाही. आपण क्लाउडमध्ये कुठल्या रीजनला डेटा ठेवलाय हे सांगू शकतो. स्वतःचा मैला जमिनीत कुठे साठतोय हे सांगता येत नाही. असो.

आधी टाकी काय करते ते बघू. सेप्टिक टँक हा काही चमत्कार नाही. पाणी आत येतं, संथ होतं. जड ते तळाला बसतं, तो गाळ. तेल, साबण, तुपकट ते वर तरंगतं, ती साय. मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू गाळाचा काही भाग खातात, त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड निघतो. "काही भाग" हे दोन शब्द महत्त्वाचे. वाळू, केस, न पचलेले तंतू, प्लास्टिक, डिटर्जंटमधली न विरघळणारी भर हे कुठलाच जिवाणू खात नाही. ते साचतच जातं. म्हणून दोन ते तीन वर्षांनी टाकी उपसायची असं सरकारी मार्गदर्शक पुस्तिका सांगतात. उपसली नाही तर गाळ वाढतो, पाण्याला संथ व्हायला जागाच उरत नाही, आणि मैला जसाच्या तसा शोषखड्ड्यात जातो. आपल्याकडे खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांतून पाणी कुठे जातं? तुमच्या नाहीतर शेजारच्या बोअरकडे. नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजण्यात ज्या शहराची कित्येक वर्षं गेली, त्याने बोअर नासवून घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

आता नैवेद्याची थाळी एकेक करून.

यीस्ट, गूळ, ताक. सगळ्यांत निरुपद्रवी आणि सगळ्यांत निरुपयोगी. मैल्याच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणू असतात. चोवीस फ्लॅटची माणसं रोज ही भरती मोफत करत असताना दोन पाकिटं यीस्ट म्हणजे आषाढीच्या वारीत आपण दोन वारकरी पाठवल्यासारखं. शिवाय यीस्ट साखर खातं. केस आणि वाळू खात नाही.

शेण. याला थोडा मान द्यायला हवा. सेप्टिक टँकचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस २४७०. नवी टाकी सुरू करताना दुसऱ्या टाकीतला मुरलेला गाळ थोडा टाका, तो नसेल तर कुजलेलं शेण चालेल, असं त्यात आहे. पण हे नव्या, रिकाम्या टाकीसाठी, एकदाच, विरजण म्हणून. भरलेल्या टाकीत दर अमावास्येला शेण ओतणं म्हणजे गाळात गाळ घालणं.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर. फेस मस्त येतो, व्हिडिओ छान दिसतो :) फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो उडून गेल्यावर उरतं खारट पाणी. बाकी काही नाही.

"बॅक्टेरिया पावडर". बाजारात मिळते, पाकिटावर हिरवं पान असतं. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने २००२ च्या आपल्या मॅन्युअलमध्ये टाकीत टाकायच्या अशा सगळ्या पदार्थांचा हिशेब मांडला. जिवाणू आणि एन्झाइमवाले पदार्थ नीट चालणाऱ्या घरगुती टाकीला लागत नाहीत, आणि तीव्र ॲसिड-अल्कली नुकसान करतात, हा त्याचा सारांश. गंमत म्हणजे एखादी पावडर खरंच गाळ सैल करत असेल तर ते जास्त वाईट. सैल झालेला गाळ नाहीसा होत नाही, पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाऊन तो तुंबवतो. डिस्क भरली म्हणून फाइल्स डिलीट न करता दुसऱ्या ड्राइव्हवर ढकलायच्या, तसंच. आणि टाकी उपसता येते, मेलेला शोषखड्डा नवा खणावा लागतो.

हार्पिक, फिनाईल, ब्लीचिंग. इथे प्रामाणिकपणे गणित करू. हार्पिकमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड. २०० मिली बाटली २०,००० लिटरच्या टाकीत म्हणजे एक लाखात एक भाग. कमोड घासायला वापरलंत तर टाकीचे जिवाणू मरत नाहीत, बिनधास्त घासा. पण टाकी "साफ" करायला म्हणून कॅनच्या कॅन ओतलेत, तर आधी जिवाणू मरतात आणि मग काँक्रीट खाल्लं जातं. आणि ॲसिडवर ब्लीचिंग पावडर टाकलीत तर क्लोरीन वायू निघतो. हा केमिस्ट्रीचा पेपर नाही, बंद बाथरूममध्ये जीव जाऊ शकतो. दोन्ही कधीही, कुठेही एकत्र करू नका.

आता प्रश्न पडेल की या कृती येतात कुठून. माझा अंदाज, यातल्या काही अमेरिकेतल्या आरव्हीवाल्यांकडून. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. खाली एक छोटी टाकी असते, मैला फक्त साठवायला. ती काही दिवसांनी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची. तिथे पचन वगैरे भानगड नाही, प्रश्न एवढाच की भिंतींना चिकटू नये आणि वास येऊ नये. मग वॉटर सॉफ्टनर, डिटर्जंट, बर्फाचे खडे असे जुगाड. त्यांच्या टाकीला ते शोभतं, कारण ती परवा रिकामी होणार आहे. तेच जुगाड आपण वीस वर्षं न उघडलेल्या टाकीला लावतो. तिथेही रसायनांचे चटके बसलेच. कॅलिफोर्नियाने फॉर्माल्डिहाइड, पॅराडायक्लोरोबेंझिन वगैरे पदार्थ अशा टाक्यांत टाकायला कायद्याने बंदी घातली आहे. यातलं दुसरं बाथरूममध्ये टांगायच्या काही वासाच्या वड्यांमध्ये असतं. आपल्याकडचं चाकांवरचं घर म्हणजे रेल्वे. डब्यांखाली डीआरडीओने विकसित केलेले खास जिवाणू असलेली बायो-टॉयलेट बसवली. तरी २०१७ च्या कॅगच्या अहवालात ती तुंबल्याच्या तक्रारी आहेतच. जिवाणू कितीही खास असले तरी बाटली आणि गुटख्याची पुडी पचवू शकत नाहीत.

इथवर विषय पैशाचा आणि वासाचा होता. आता खरा विषय.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो हे वर आलंच. कपड्यांच्या पावडरीत स्वस्त भर म्हणून सोडियम सल्फेट असतं, त्यातला सल्फेट टाकीतले जिवाणू सल्फाइडमध्ये बदलतात. पाणी साधारण उदासीन असतं, म्हणजे पीएच ७ च्या आसपास, तेव्हा यातला निम्मा सल्फाइड पाण्यात बांधलेला राहतो. ॲसिड पडून पीएच ५ वर आला की जवळजवळ सगळा वायू व्हायला मोकळा. पाच लिटर ॲसिडने अख्ख्या टाकीचा पीएच बदलत नाही, मान्य. पण ज्या चेंबरमध्ये ते पडतं तिथे बदलतो, आणि झाकण उघडून वाकलेला माणूस नेमका त्याच चेंबरवर असतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचून राहतो. सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. "वास गेला, आता उतर" हे वाक्य म्हणूनच जीवघेणं आहे. जळती काडी टाकून गॅस तपासणारे महाभागही आहेत. काडीला हायड्रोजन सल्फाइड कळत नाही, आणि मिथेन असेल तर काय होतं ते सांगायला नको.

मे २०२३. आपल्या मराठवाड्यातच, परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात, सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर मेले. डिसेंबर २०१९. मुंबईत गोवंडीच्या एका हाऊसिंग सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. हाऊसिंग सोसायटी, बरं का. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच माणसं, मेंटेनन्स भरणारी. त्या तिघांच्या विधवांना हायकोर्टात जावं लागलं, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कोर्टाने सरकारला प्रत्येकी १० लाख द्यायला सांगितलं. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१४ मध्ये ठरवलेली ही रक्कम ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायदा फक्त ठेकेदाराला धरत नाही, काम देणाऱ्या कोणालाही धरतो. उतरणाऱ्या माणसाची जात बहुतेक वेळा कोणती असते, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावं लागत नाही.

या मृत्यूंशी गूळ-ताकाचा संबंध काय, असं म्हणाल. संबंध आहे. वेळेवर उपसलेल्या टाकीतला गाळ पातळ असतो, सक्शन टँकरचा पाइप तो ओढून घेतो. पंधरा वर्षं नैवेद्यावर ठेवलेल्या टाकीत तळाचा गाळ घट्ट बसतो, पाइप हरतो, आणि मग ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, एक पोरगा उतरवावा लागेल." त्या पोराला उतरवायचा निर्णय त्या दिवशी होत नाही. पंधरा वर्षं ग्रुपवर अंगठे देत तो झालेला असतो.

"टँकर महाग पडतो" हा आवडता बचाव. तीन वर्षांतून एकदाचा खर्च चोवीस फ्लॅटमध्ये वाटून बघा, एका घराच्या एका शनिवारच्या पिझ्झ्याच्या आसपास येईल. आणि हे जमतं. साताऱ्याकडचं वाई आणि नाशिककडचं सिन्नर, दोन्ही छोट्या नगरपालिका. २०१८-१९ पासून तिथे कोणी फोन करायची वाट न बघता वेळापत्रकाप्रमाणे घरोघरी टँकर जातो, तीन वर्षांचं चक्र. उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रात जातो. वाईला जमतं आणि "स्मार्ट सिटी"तल्या गेटेड सोसायटीला जमत नाही?

तर काय करायचं? झाकणावर गाडी पार्क करणं बंद करा. प्लंबरकडून लांब काठी आत घालून गाळ किती चढलाय ते दर वर्षी मोजून घ्या. वाकायचं नाही, काडी-सिगरेट नाही, उतरायचं तर नाहीच. दोन-तीन वर्षांनी टँकर, तारीख सोसायटीच्या रजिस्टरमध्ये. टँकरवाल्याला रिकामा कुठे करणार ते विचारा. कांचनवाडीला महापालिकेचा एसटीपी आहे, खाम नदी हा एसटीपी नव्हे. गाळ घट्ट निघाला तर पाणी मारून सैल करणारं जेटिंग मशीन मागवा, माणूस नको. आणि कमोडमध्ये पॅड, डायपर, वाइप्स, उरलेलं तेल टाकू नका. टाकीसाठी घरगुती उपाय हवाच असेल तर हा एवढाच.

पुढच्या एजीएममध्ये सेक्रेटरींना एकच प्रश्न विचारा, टाकी शेवटची कधी उपसली? तारीख मिळाली तर त्यांना माझ्याकडून चहा पाजा. "अहो, आपण पावडर टाकतो ना" असं उत्तर आलं, तर त्याच मीटिंगमध्ये टँकरचा ठराव मांडा. अनुमोदक म्हणून ग्रुपवरच्या त्या सतरा अंगठ्यांपैकी कोणीही चालेल.