बनारसीदासांची रोजकीर्द

घरातील वडीलधाऱ्यांच्या पंच्याहत्तरीस एक छोटेखानी आत्मवृत्त छापून ते नातलगांत वाटण्याची प्रथा आता बऱ्याच कुटुंबांत पडली आहे. प्रथा चांगली आहे. पुस्तिका मात्र बहुधा दोनचार पाने चाळून कपाटात ठेवली जाते, आणि याचा दोष नेहमी वाचणाऱ्यांचाच असतो असे नाही. बालपण हलाखीत गेले, वडील करारी होते, आई सोशिक होती, कष्टाने व सचोटीने धंदा वाढविला, ही वाक्ये एका पुस्तिकेतून उचलून दुसरीत घातली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर हा थेट ताळेबंद झाला. त्याच्यामागे रोजकीर्द नाही की खतावणी नाही. अखेरची शिल्लक तेवढी मोठ्या अक्षरांत लिहिलेली; ती कोठून आली, हे पडताळून पाहण्याची सोय नाही.

ज्यांना स्वतःचे आयुष्य लिहावयाचे आहे, त्यांनी लेखणी हाती घेण्यापूर्वी ‘अर्धकथानक’ वाचावे. ते आग्र्याच्या एका जैन व्यापाऱ्याने इ.स. १६४१ मध्ये पूर्ण केले. बनारसीदासांचा जन्म १५८६ चा, जौनपूरचा. वडील खरगसेन जवाहिऱ्याचा व्यापार करीत. ‘समयसार नाटक’ या ग्रंथामुळे ते अध्यात्माच्या अभ्यासकांना परिचित आहेतच. परंतु आत्मचरित्रकार म्हणून ते लोकांसमोर आले फार उशिरा. १९४३ मध्ये नाथूराम प्रेमी यांनी मुंबईहून ‘अर्धकथानक’ संपादून प्रसिद्ध केले, आणि आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने ६७५ छंदांत स्वतःचे आयुष्य असे उघडपणे मांडून ठेवले होते, याचे अनेकांना आश्चर्य वाटले.

या ग्रंथाचे बळ त्यातील नोंदींत आहे. तरुण मुलाने आता धंद्याची जबाबदारी घ्यावी म्हणून वडिलांनी त्याला माल देऊन आग्र्यास पाठविले. कोणता माल? तूप, तेल, कापड आणि काही जडजवाहीर, सोबत वडिलांच्या हातची यादी. वाटेत इटाव्याजवळ मुसळधार पाऊस लागला. सराईत जागा नाही, कोणी दार उघडीना. अखेर एका झोपडीत कशीबशी जागा मिळाली, तीही खाटेखाली. खाटेवर दुसराच इसम झोपलेला. आग्र्यास पोहोचल्यावर बाजाराची रीत ठाऊक नसल्याने मालात तोटा आला. रत्ने नाडीत बांधून ठेवली होती; काही कोठेतरी गळून पडली आणि काही तर उंदराने पळविली. भांडवल संपले. मग हे चिरंजीव रात्री दहावीस माणसे जमवून त्यांना ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ या प्रेमकथा वाचून दाखवू लागले, आणि पोटासाठी एका कचोरीवाल्याकडे कित्येक महिने उधारीवर जेवू लागले. आपल्याजवळ पैसे नाहीत, हे त्यांनी त्याला स्वतःच सांगितले. तरीही त्याने उधार देणे थांबविले नाही.

ही हकीकत लिहिताना बनारसीदास पंचावन्न वर्षांचे प्रतिष्ठित गृहस्थ होते. ‘सुरुवातीच्या काळात व्यवसायात काही अडचणी आल्या’ असे एकच वाक्य लिहून त्यांना पुढे जाता आले असते, आणि तसे लिहिले असते तर आज त्या ओळीकडे कोणी वळूनही पाहिले नसते. उंदीर आणि कचोरीवाला यांच्यामुळे तो तोटा चारशे वर्षांनंतरही डोळ्यांसमोर उभा राहतो. तोट्याची नोंद अशी तपशिलाने केलेली असली की पुढे येणाऱ्या नफ्याच्या नोंदीवरही वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. ज्या वहीत नावेची बाजू कोरीच आहे, ती वही कोणताही तपासनीस आधी बाजूला काढतो. नातवंडे तर तपासनिसांहून कडक असतात.

इतिहासाच्या बाबतीतही त्यांची हीच रीत आहे. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता जौनपुरास आली, तेव्हा ते घराच्या पायऱ्यांवर बसले होते. वार्ता ऐकताच भोवळ येऊन पडले, डोके फुटले, आईने कापड जाळून जखमेत भरले. शहरात दुकाने बंद झाली, श्रीमंतांनी दागिने पुरून ठेवले, उंची वस्त्रे टाकून सगळे जाडेभरडे नेसू लागले. दहा दिवसांनी नवा बादशहा गादीवर बसल्याचे पत्र आले आणि व्यवहार पूर्ववत झाले. मोठ्या घटनेविषयी लिहिताना बहुतेकांना वर्तमानपत्रातला मजकूर आठवतो. आणीबाणी, गिरणी संप किंवा नोटाबंदी यांविषयी लिहिणाऱ्याने तेव्हा स्वतःच्या घराच्या पायरीवर काय घडले एवढेच लिहिले तरी पुरे. बाकीचे इतिहासकार लिहितात.

भाषेबद्दल त्यांनी फार चर्चा केलेली नाही. मध्यदेशाच्या बोलीत सांगतो, असे म्हणून बाजारात, घरात बोलले जाणारे शब्द, त्यांत फारसी शब्दही, त्यांनी निःसंकोच वापरले. पुस्तिका छापावयाची म्हटली की अनेकांची लेखणी एकदम सोवळे नेसते, ‘दुकान’चे ‘प्रतिष्ठान’ होते आणि ‘आजी वारली’चे ‘आजी अनंतात विलीन झाली’ होते. ते टाळलेले बरे.

तरुणपणी बनारसीदासांनी शृंगारप्रधान असे ‘नवरस’ नावाचे काव्य रचले होते, एक हजार दोहे-चौपायांचे. एके दिवशी ते मित्रांसह गोमतीच्या पुलावर ते वाचीत बसले असता त्यांच्या मनात आले की, एक असत्य बोलणाराही दोषी ठरतो, मग येथे तर असत्याचा हा एवढा ढीग! पोथी त्यांनी नदीत फेकून दिली. मित्र हळहळले. लेखनाच्या दृष्टीने या प्रसंगाचा विचार फारसा होत नाही. हातून सहज उतरलेले, मित्रांनी वाखाणलेले, पण स्वतः न अनुभवलेले लेखन टाकून देण्याची तयारी त्यांनी विशीच्या आत दाखविली, आणि पुढे पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी लिहिले ते केवळ घडलेले. पहिल्या खर्ड्यातून काय काढावे, असा प्रश्न पडला की आधी मित्रांची आवडती वाक्ये तपासावीत.

मग सगळेच सांगावे काय? हा प्रश्न त्यांनाही पडला होता. वय, धन, घरातील गोष्टी, मान, अपमान अशा नऊ बाबी शहाण्याने गुप्त ठेवाव्यात, असे ते एके ठिकाणी नमूद करतात. आणि यांतील कित्येक त्यांनी स्वतःच सांगून टाकल्या आहेत. एका संन्याशाच्या मंत्राने दारात रोज सोन्याचे नाणे मिळेल, या आशेने वर्षभर जप केल्याची फजितीही त्यांनी लपविलेली नाही. मात्र ही मोकळीक त्यांनी मुख्यतः स्वतःच्या खात्यापुरती घेतली, हे ध्यानात ठेवावे. भावाच्या वाटणीचा तंटा, सुनेचे आजारपण, मेहुण्याचे कर्ज ही दुसऱ्यांची खाती आहेत. ती उघडण्यापूर्वी त्यांना विचारावे, आणि ते नको म्हणाले तर ते पान कोरे सोडावे.

दुःखाबद्दल ते अत्यंत थोडे लिहितात. त्यांचे तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली, सात मुलगे व दोन मुली. नवांपैकी एकही जगले नाही. कचोरीवाल्याला त्यांनी सविस्तर जागा दिली, पण येथे संख्या सांगितली, पानगळ झालेल्या झाडांची एक उपमा दिली आणि ते थांबले. आईवडिलांच्या वा जोडीदाराच्या मृत्यूवर पानेच्या पाने लिहून ती पुन्हा फाडून टाकणाऱ्यांनी ती जागा अवश्य काढून पाहावी.

शेवटी त्यांनी स्वतःच्या गुणांची आणि दोषांची यादीही दिली आहे. लोभ सुटत नाही, अकारण भय वाटते, आणि एकांत मिळाला की आपण नाचू लागतो, असे त्यांत लिहिले आहे. माणसाचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे, त्यातली ५५ सरली, म्हणून हे अर्धे कथानक, असा त्यांचा हिशेब होता. पंच्याहत्तरीची वाट त्यांनी पाहिली नाही. त्यानंतर ते दोनएक वर्षेच जगले असावेत, असे अभ्यासक मानतात.