कॅमेरा लावा, ताटली नको

रात्री घराभोवती काय वावरतं हे कळण्यासाठी आता जागरण करावं लागत नाही. जेवणाच्या डब्याएवढा कॅमेरा ट्रॅप पट्ट्याने झाडाला बांधला, सेल घातले की झालं. पूर्वी वनखात्याकडे आणि संशोधकांकडेच दिसणारं हे यंत्र आता कोकणातल्या वाड्यांत, फार्महाऊसवर, शहरातल्या बंगल्यांच्या आवारात पोचलं आहे. पेरूवर चढणारं उदमांजर, कुंपणाखालून सरकणारं साळिंदर असले तुकडे मोबाइलवर फिरत असतात. छंद म्हणून हे उत्तमच. टॉर्च घेऊन प्राण्यामागे धावण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. पण नीट पाहिलं तर यातल्या काही चित्रफितींच्या कोपऱ्यात एक ताटली असते. तिच्यात केळं, पपईच्या फोडी, कधी अंडं, कधी कोंबडीची आतडी. माझं भांडण त्या ताटलीशी आहे. माणूस तिथे नसतो, हीच या कॅमेऱ्याची सगळी किंमत. आमिष ठेवलं की तो मागच्या दाराने परत येतो.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत याची दोन्ही टोकं पाहायला मिळतात. २००९ साली तिथे स्पेनच्या होसे लुईस रोद्रिगेझ यांच्या छायाचित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. काळोखात लाकडी फाटकावरून झेप घेणारा लांडगा, आणि इन्फ्रारेड किरण तोडून त्याने स्वतःच काढून घेतलेला स्वतःचा फोटो. शंका आली ती लांडगे जाणणाऱ्यांना. फाटकाच्या दांड्यांमधून सहज आत शिरता येत असताना रानातला लांडगा उडी कशाला मारेल? लांडगा बहुधा माणसाळवलेला होता असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेतलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. पण परीक्षकांचं म्हणणं धरलं तर कॅमेरा खरा, किरण खरा, रात्र खरी, आणि तरीही चित्र खोटं. कारण प्राण्याने काय करायचं हे माणसाने आधीच ठरवलं होतं. त्याच स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागात मुंबईच्या नयन खानोलकर यांचा बिबट्या पहिला आला. आरे कॉलनीतल्या वारली पाड्यात, घरांमधल्या अरुंद बोळातून तो चालला आहे. खानोलकरांनी फ्लॅश असे लावले होते की उजेड बोळातल्या नेहमीच्या दिव्यांसारखाच पडावा. मग चार महिने वाट पाहिली. बटण कोणी दाबलंच नाही, तर ही छायाचित्रणकला कसली, असं विचारणाऱ्यांना या बोळाकडे बोट दाखवावं. कला जागा ओळखण्यात होती, आणि जागा बिबट्याच्या नेहमीच्या वाटेवरची होती.

विज्ञानही याच शिस्तीवर उभं आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, जंगल नसलेल्या उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने अनेकांना चकित केलं: दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा मुलखात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे. अंगावरच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून प्रत्येक बिबट्या वेगळा ओळखता आला. समजा, प्रत्येक कॅमेऱ्यासमोर शेळी बांधली असती, तर मोजणी कशाची झाली असती? बिबट्यांची की शेळीच्या वासाची? अंगणातला हौशी माणूस निबंध लिहीत नसतो हे खरं. पण ‘आमच्याकडे उदमांजर येतं’ असं तो सांगतो तेव्हा ते आपणहून येतं, असंच ऐकणारा समजतो.

यावर हमखास येणारा प्रश्न: पक्ष्यांना दाणे घालतोच ना, मग उदमांजराला पपई दिली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की रात्री उघड्यावर ठेवलेलं खाणं कोणाच्या नावावर नसतं. आधी घूस येते, मग भटकी कुत्री. अकोल्यातल्याच बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात, वजनाच्या हिशेबाने त्यांच्या भक्ष्यातला ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. जिथे बिबट्याचा वावर आहे, तिथे परसात आतडी टाकणारा माणूस फोटो नव्हे, पाहुणा बोलावतो आहे. आणि त्या पाहुण्याची किंमत बहुधा शेजारच्याचं वासरू मोजतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत आमिष दाखवणंही घातलं आहे. फोटोसाठी ठेवलेल्या पपईला न्यायालय काय म्हणेल ते वकील जाणोत. आमिषाला निरुपद्रवी मानायला कायदा तयार नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

खरा आक्षेप वेगळाच आहे: आमिष नसेल तर रात्रीमागून रात्री फक्त हलणारी पानं मिळतात. मिळतात, मान्य. पण दोष बहुतेक वेळा कॅमेरा बांधण्यात असतो. साध्या कॅमेरा ट्रॅपचा सेन्सर चित्र पाहत नाही. भोवतालच्या तापमानापेक्षा वेगळं तापलेलं काही हललं की तो जागा होतो. समोरून चालत येणारा प्राणी त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा चटकन. मे महिन्यात दिवसभर तापलेला जांभ्याचा गडगा संध्याकाळीही धगधगत असतो. त्याच्यापुढून उदमांजर गेलं तरी सेन्सरला फरक जाणवेलच असं नाही. बेडूक आणि साप तर त्याच्या हिशेबातच फारसे नसतात. तेव्हा कॅमेरा गुडघ्याच्या खाली, वाटेला काटकोनात. आणि वाट शोधायची ती सकाळी: गडग्यावर बियांनी भरलेली विष्ठा पडली आहे का, कुंपणाखालची माती कुठे घासून गुळगुळीत झाली आहे, कोणत्या झाडाखाली अर्धवट खाल्लेले चिकू आहेत. ही चाकरी करायची नसते म्हणूनच ताटली ठेवली जाते, असा माझा संशय आहे.

आमिष टाळलं तरी कॅमेऱ्याची लुडबूड शून्य होत नाही, हेही मान्य करायला हवं. हे कॅमेरे प्राण्यांना ऐकू येतात आणि त्यांचा इन्फ्रारेड उजेड दिसूही शकतो, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात लालसर दिसतात. ९४० चे जवळजवळ दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. अंगणात पल्ला लागतोच किती? ९४० चाच घ्यावा. पांढरा फ्लॅश घुबडाच्या ढोलीसमोर तर लावूच नये. कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्याच्या मोरीकडे नसावं, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

येत्या पावसाळ्यानंतर कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर आधी आठवडाभर नुसतं सकाळी कुंपणाकडेने फिरून या. आणि पहिली चांगली चित्रफीत मिळाली की ती पाठवताना खाली एक ओळ जरूर लिहा: आमिष ठेवलं नव्हतं.