खदानीकाठची भाजी

मागे एका कार्यक्रमानिमित्त आम्ही हदगावला गेलो होतो. वंदना झाली, भोजन झाले आणि एक वयस्क मावशी आमच्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "दादा, आमच्या वस्तीमागं जुनी खदान हाय. मुरूम काढून काढून खड्डा पडला. त्याच्या काठाला मी मेथी-पालक लावते. पण पोरं तिथंच वायरी जाळून तांबं काढतात, फुटक्या बॅटऱ्या टाकतात. घरात सून गरवार हाय. ही भाजी तिला द्यावी का नको?"

घाईने उत्तर द्यावे असा हा प्रश्न नव्हता. म्हणून आम्ही वाचले, जाणकारांना विचारले आणि आज मावशींना व आपल्या सर्व माता-भगिनींना उत्तर देत आहोत.

शिसे, कॅडमियम, पारा यांना जड धातू म्हणतात. शेण कुजते, पाचोळा कुजतो. शिसे कुजत नाही. एकदा मातीत मिसळले की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते. म्हणूनच खाण बंद पडली, मालक निघून गेला, तरी तिचे विष गाव सोडत नाही.

शेजारच्या गोव्याचे पाहा. डिचोली, सत्तरी, सांगे भागात वर्षानुवर्षे लोहखनिज काढले. एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. त्या मातीचे डोंगर झाले. पावसाळ्यात त्यांचा गाळ ओहोळांतून भातशेतात उतरला. साचलेल्या पाण्यात लोह आणि मँगनीज विरघळते, ते वाढले की भाताची पाने तांबूस पडतात, मुळे गुदमरतात. २०१२ साली खाणी बंद झाल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. पुढे लिलाव होऊन काही खाणी पुन्हा सुरू झाल्या. पण शेतात बसलेला गाळ कोर्टाच्या हुकुमाने निघत नाही.

जपानमध्ये तर माणसे मोडली. कामिओका खाणीतले कॅडमियम जिंझू नदीत गेले, नदीचे पाणी भातात आणि भात माणसांच्या पोटात. विशेषतः लेकुरवाळ्या, उतारवयाच्या बायांची हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडत. त्या 'इताई, इताई', म्हणजे 'दुखतं, दुखतं', असे ओरडत, तेच रोगाचे नाव पडले. सरकारने कारण मान्य केले १९६८ साली. शेतांची माती बदलण्याचे काम १९७९ ला सुरू झाले ते २०१२ ला संपले. ३३ वर्षे!

आणि कर्नाटकातले कोलार. तिथल्या सोन्याच्या खाणींत राबले ते बहुतांशी तामीळ मुलखातून आलेले आपलेच दलित बांधव. बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, त्यांनी मारिकुप्पमला बौद्ध संघ उभारला होता. २००१ साली खाण बंद झाली. सोने केव्हाच बाहेर गेले होते. सायनाइड वापरून सोने काढल्यानंतर उरलेल्या चुऱ्याच्या टेकड्या मात्र कामगारांच्या वस्त्यांशेजारी राहिल्या. वारा सुटला की ती धूळ घराघरांत शिरते. सोने दुसऱ्याचे, धूळ आपली!

आता मावशींचे उत्तर. बॅटरीत शिसे असते. वायरीच्या जुन्या प्लास्टिकमध्येही असते, जाळले की ते धुरात आणि मातीत जाते. आईच्या रक्तातले शिसे पोटातल्या बाळापर्यंत पोचते. लहान मुलांच्या मेंदूला त्याने इजा होते. अमुक इतके शिसे चालते अशी सुरक्षित मर्यादा सापडलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून ती भाजी सुनेला देऊ नका, घरातही खाऊ नका. पालेभाज्या आणि मुळा-गाजर यांवर माती जास्त बसते आणि धातूही जास्त उतरतो. दुसरीकडची चांगली माती आणून, जुन्या टोपल्यात वा पोत्यात भरून, जळणाच्या जागेपासून दूर मेथी लावा. पोरांना खदानीत खेळू देऊ नका. जेवणाआधी हात धुवायला लावा. सुनेला डाळी, नाचणी, तीळ खाऊ घाला; अंगात लोह-चुना पुरेसा असला की शिसे कमी शोषले जाते. डॉक्टरांना रक्तातले शिसे तपासण्याविषयी विचारा. नेहमीच्या माती परीक्षणात शिसे पाहत नाहीत, ते वेगळे मागावे लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा.

मूल मतिमंद झाले की आपल्याकडे कुणी करणी म्हणतो, कुणी मागच्या जन्मीचे पाप. तथागतांनी सांगितले की प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते. इथले कारण खदानीच्या काठाला, डोळ्यांसमोर आहे.

वायरी जाळणाऱ्या पोरांवर मात्र रागावू नका. पोटासाठीच ती धूर गिळतात. त्यांना जवळ बसवून समजावा. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी कंपन्यांवर टाकली आहे, ती दुकानदाराकडे द्या. महिला मंडळाने ग्रामसभेत ठराव मांडावा: वस्तीशेजारी कचरा जाळणे बंद, खदानीला कुंपण.

१९४३ च्या डिसेंबरात मजूर मंत्री असताना बाबासाहेब धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. कामगार कसा जगतो हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. आपल्याला तर फक्त वस्तीमागे जायचे आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर चार जणी मिळून जा, पाहा आणि काय दिसले ते आम्हाला कळवा.

जयभीम!